प्रयोगाला माणूस पाहिजे!

किस्से काही जमवावे लागत नाहीत, ते साचतात. घरात रिकाम्या पिशव्या साचतात ना, तसे! आमचा मानसशास्त्र विभाग देवपुरात, धुळ्याला. माणसं तीनच: विभागप्रमुख भामरे सर, नवीन लागलेली वैशाली आणि मी. अडचण मात्र कायमची. प्रॅक्टिकलला ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस वेळेवर मिळत नाही. पुस्तकात त्याला 'प्रयुक्त' म्हणतात. आमची पोरं 'बकरा' म्हणतात!

•

सर पावलोव शिकवत होते. घंटा वाजवून खाणं देत राहिलं, तर पुढे नुसत्या घंटेनं कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, वगैरे. मग म्हणाले, "घरातलं उदाहरण सांगा."

जामनेरचा एक पोरगा उठला. "सर, पप्पांची मोटरसायकल गल्लीत वळली, की आमचा कुत्रा शेपटी हलवत दारात येतो."

"शाब्बास!"

"आणि आई चहा टाकते!"

सर म्हणाले, "कुत्र्याचं लिही. आईचं नको. परीक्षक बाई आहेत!"

•

मे महिना, भर दुपार, लाइट गेलेली. सर घामाघूम होऊन फळ्यावर मॅस्लोचा पिरॅमिड काढत होते. तळाला भूक, तहान. ते भागलं की सुरक्षितता, प्रेम, मान, आणि अगदी टोकाला 'आत्मवास्तविकीकरण'. शब्द लिहितानाच त्यांना धाप लागली.

मागून एक मुलगी म्हणाली, "सर, पंखा बंद. माठ रिकामा. आम्ही अजून तळालाच आहोत. आत्मवास्तविकीकरण उद्या घेऊ या का?"

सरांनी खडू ठेवला. "चला, आधी रसवंतीवर!"

•

ऑफिसमधले नाना आमच्या तासाला दारात उभे राहून ऐकतात. फ्रॉइडच्या तासालाही होते. दबलेल्या इच्छा स्वप्नात वेश बदलून येतात, असं मी सांगितलं. तास संपल्यावर नाना गंभीर चेहऱ्यानं स्टाफरूममध्ये आले आणि अहिराणीत विचारू लागले.

"मॅडम, मना सपनमा रोज प्रिन्सिपल येतस. आते सांगा, मनी कोनती इच्छा दबेल शे?"

भामरे सरांनी डब्यातून मान वर केली नाही. "नाना, रजेची!"

•

सरांनी हौसेनं समुपदेशनाची खोली सुरू केली. दारावर मोठी पाटी. एक माणूस फिरकेल तर शपथ! आत जाताना कोणी पाहिलं तर गावभर 'येडा' म्हणून नाव व्हायचं. शेवटी सरांनी पाटी काढली आणि पाण्याचा कूलर आत नेऊन ठेवला. आता पोरं पाणी प्यायला येतात आणि तासभर बसतात. मला सर आवडतात ते यासाठी.

पण कूलरनं सगळ्यांचं भागत नाही. वैशालीची आई गेली आणि तिच्या वडिलांनी, आबांनी, बोलणंच सोडलं. शेतात जायचे, यायचे, पुढ्यात येईल ते अर्धवट जेवायचे. 'हां' आणि 'नही', बस. अंगानंही उतरले होते. आबाही हातचे जातील, या भीतीनं वैशाली रडायची. तिनं एकदा सुचवलं, "आबा, आमच्या सरांशी बोला ना."

"मी काय येडा शे का?"

आई गेल्यापासूनचं त्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य!

•

मग सरांनीच युक्ती काढली. "त्यांना सांग, प्रॅक्टिकलला बकरा मिळत नाही. लेकीचं काम अडलंय."

आबा दुसऱ्या दिवशी हजर. धुतलेला सदरा, कडक टोपी. सर आणि मी मागच्या बाकावर बसलो. प्रयोग युंगचा, शब्द-साहचर्याचा. म्हणजे वैशालीनं एक शब्द म्हणायचा, आबांनी मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा. उत्तराला किती वेळ लागला ते स्टॉपवॉचवर बघायचं.

"पाणी."

"पांझरा." म्हणजे आमची नदी.

"झाड."

"निंब."

"रस्ता."

"खड्डा!"

मला हसू आवरेना. वैशालीही हसली आणि त्याच भरात पुढचा शब्द म्हणून गेली.

"भाकर."

दहा सेकंद. वीस. स्टॉपवॉच चालूच. थांबवू या का, म्हणून मी सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली, नाही.

"सुमन," आबा म्हणाले.

सुमन म्हणजे वैशालीची आई. आबा बायकोला नावानं कधी हाक मारायचेच नाहीत. आईचं नाव त्यांच्या तोंडून वैशालीनं जन्मात ऐकलं नव्हतं.

तिनं कसाबसा पुढचा शब्द उच्चारला. "घर."

"सुमन."

"सकाळ."

"सुमन."

शब्द संपले. वैशालीनं डोळे पुसले, स्टॉपवॉच बंद केलं. "व्हयनं, आबा. बठ्ठा शब्द सरनात."

आबा उठले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आजून इचार."