पॅसेजमधलं तंबूचं दार

माझ्या घरी येणारा माणूस आधी भिंतींकडे बघतो आणि मग माझ्याकडे. भिंतींवर लाल लोकरीची जुनी विणकामं टांगलेली आहेत. काहींच्या कडा विरल्यात, एकाचा कोपरा उंदराने कुरतडलाय. शेजारच्या वहिनी त्यांना सरसकट ‘सतरंज्या’ म्हणतात आणि दर दिवाळीला न चुकता विचारतात, “यंदा तरी काढणार का सतरंज्या धुवायला?” सुरुवातीला मी त्यांना समजावून सांगायचे. ही तुर्कमेन बायकांनी विणलेली आहेत, मध्य आशियात मेंढ्या घेऊन फिरणारी माणसं ती, तंबू हेच त्यांचं घर. त्यामुळे कपाट, पिशवी, अंथरूण, दार, सगळं त्या लोकरीतच विणायच्या. आता नाही सांगत. “बघू,” म्हणते आणि चहा ठेवते. स्वभावाने मी तापट आहे, आणि चांगल्या शेजारणी काही सहजासहजी मिळत नाहीत.

हे वेड लागलं ते कंपनीमुळे. महाळुंग्याच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. आमचे एक परदेशी साहेब मुदत संपवून मायदेशी निघाले तेव्हा त्यांनी घरातलं सामान विकायला काढलं. मी गेले होते ओव्हन बघायला. तिथे सोफ्याच्या पाठीवर एक लालभडक तुकडा पडला होता, उशीच्या अभ्र्याएवढा. मी तो उचलला आणि उलटा केला. पार्ट हातात आला की आधी उलटा करायचा, ही आमची सवय. समोरची बाजू सगळेच चांगली ठेवतात. मागच्या बाजूला गाठी इतक्या बारीक आणि इतक्या सरळ ओळीत होत्या, की मी उभ्या जागी खालीच बसले. कुठल्या बाईने, कुठल्या उजेडात, मांडीवर पोर घेऊन हे केलं असेल? साहेबांच्या बायकोने सांगितलं, तंबूत सामान ठेवायच्या पिशवीची ही दर्शनी बाजू आहे. ओव्हन राहिला तो राहिलाच.

मग मी वाचायला लागले, फोटो बघायला लागले, आणि चिखलीतल्या जुन्या फर्निचरच्या एका दुकानात माझं जाणं-येणं सुरू झालं. दुकानदार चाचा, परदेशी लोकांचे फ्लॅट रिकामे झाले की उरलंसुरलं सामान उचलतात. त्यांना या विणकामाशी काही देणंघेणं नव्हतं, पण माझी नजर त्यांनी बरोबर ओळखली होती. फोन करून एवढंच म्हणायचे, “ताई, लाल आलंय. बघून जावा.” दहातल्या नऊ वेळा यंत्रावरचा गालिचा निघायचा आणि मी चिडून परत यायचे. दहाव्या वेळी एनसी आली.

एनसी म्हणजे तंबूच्या दारावर सोडायचं विणकाम. तेच दार. चार फूट रुंद, पाचएक फूट उंच, जाड आणि वजनदार. मधोमध एक मोठी फुली असते, तिने चार चौकटी पडतात, आणि वरच्या टोकाला छोटी कमान. त्या कमानीमुळे चाचांना वाटलं, हे नमाजाचं आसन असणार. त्यांनी ते धुळीतून बाजूला काढून, कपड्यात गुंडाळून, वरच्या फळीवर ठेवलं होतं. मी सांगितलं की हे दार आहे. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “तरी वर ठेवलं ते बरंच केलं की. दारावर कोण पाय देतो का?” मला ते पटलं. आमच्याकडेही उंबरठ्यावर पाय देत नाहीत.

त्या एनसीची उजवी कड हाताच्या उंचीवर पार झिजली होती. तिथली लोकर गेलेली, आतले ताण्याचे उभे धागे दिसत होते, आणि आजूबाजूचा लाल रंग काळपट, गुळगुळीत झाला होता. आत-बाहेर करताना माणसं तिथेच धरून ते बाजूला सारत असणार. चाचा म्हणाले, ओळखीच्या रफूवाल्याकडून कड नवी करून देतो. मी नको म्हटलं. मला त्यात सगळ्यात जास्त तेवढाच भाग आवडला होता.

एनसी घरी आली त्याच सुमारास बाबांचं विसरणं वाढलं.

आई जाऊन काही वर्षं झाली. भाऊ परदेशात. निगडी प्राधिकरणातल्या या फ्लॅटमध्ये बाबा आणि मी. बाबा साताऱ्याकडून तरुणपणी इकडे आले आणि पिंपरीतल्या एका कंपनीत टर्नर म्हणून उभी हयात लेथवर उभे राहिले. आता त्यांना सकाळचा नाश्ता आठवायचा नाही. दुपारी मात्र, ऊन खिडकीतून आत सरकलं की ते अस्वस्थ व्हायचे, टेबलाजवळून उठायचे आणि दार गाठायचे. मी कामावर असताना त्यांना सांभाळायला मावशी येतात, परभणीकडच्या. त्यांचा फोन यायचा, “ताई, बाबा निघायलेत बघा पुन्हा.”

कुठे निघालेत, याची आम्हाला शंकाच नव्हती. दुपारी साडेतीनला सेकंड शिफ्ट लागते. माणूस शिफ्टला निघालाय, दुसरं काय? म्हणून आम्ही या पट्ट्यातलं कुणीही सांगेल तेच सांगायचो, “बाबा, आज गुरुवार आहे. सुट्टी.” इथे कंपन्यांची सुट्टी गुरुवारची. एरवी या शब्दाने कुठलाही कामगार खाली बसला असता. बाबा उलट खवळायचे. “गुरुवार? मग मला कशाला बसवून ठेवलंय इथं? ओव्हरटाइम कुणी लावलाय?” मी फोनवर डोकं धरायचे. मला राग यायचा त्यांचा, खरंच यायचा, आणि मग त्या रागाचंच रडू यायचं.

एकदा मावशी गॅस बंद करायला वळल्या आणि बाबा निसटले. ते निगडीच्या बस स्टँडवर सापडले, रांगेत नीट उभे, एका पायात चप्पल. मधला मोठा रस्ता त्यांनी कसा ओलांडला, त्याचा विचार मी अजूनही करत नाही. दाराला कुलूप लावून पाहिलं तर ते मुठीने दार बडवत राहिले, हात सुजला. भाऊ फोनवर म्हणाला, “आता त्यांना केअर सेंटरमध्ये ठेवूया. पुढच्या वेळी स्टँडवर नाही सापडले तर?” मी एवढंच म्हटलं, की आणखी थोडे दिवस बघते. बाबांनी या घरात राहावं आणि जिवंत राहावं, दोन्ही मला हवं होतं. दोन्ही एकदम जमेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

डॉक्टरांनी सुचवलं, दार दिसलं नाही तर जायची आठवण होत नाही, पडदा लावा. आमच्याकडे मुख्य दारातून आलं की छोटा पॅसेज आहे, मग हॉल. पॅसेजच्या तोंडाशी मी पडदा लावला. बाबांनी तो दुसऱ्याच दिवशी सरकवला. पडदा सरकवायचाच असतो. मग माझं लक्ष भिंतींकडे गेलं. आमच्या घरात लाल विणकाम दिसलं की मागे भिंत, हे बाबांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं बसलं होतं. मी एनसी त्याच रंगाच्या जाड कापडावर टाचली, म्हणजे ती जमिनीपर्यंत पोचली, आणि पॅसेजच्या तोंडावर सोडून दिली. तिथे ऊन, धूळ, जिन्यातला वारा, येणाऱ्या-जाणाऱ्याचे तेलकट हात. माझ्यासारख्या छंदाच्या कुठल्याही माणसाने हे पाहिलं असतं तर माझ्याशी बोलणं टाकलं असतं. रोज संध्याकाळी घरी आले की मी आधी बाबांकडे बघायचे, मग एनसीच्या कडेकडे.

पण उपाय लागू पडला. बाबा दुपारी उठायचे, हॉलभर फिरायचे, एनसीसमोर थांबायचे आणि मागे वळायचे. मावशी म्हणाल्या, “आता कसं, भिंतच समजायलेत.” मला सुटल्यासारखं झालं. भावाला मी फोन करून सांगितलंसुद्धा, जरा तोऱ्यातच.

मग एका गुरुवारी, खऱ्या गुरुवारी, मी घरीच होते. बाबा टेबलाजवळून उठले आणि सरळ एनसीकडे गेले. या वेळी थांबले नाहीत. त्यांचा उजवा हात आपोआप त्या झिजलेल्या कडेवर गेला आणि त्यांनी एनसी बाजूला केली. कुणी शिकवावं लागलं नाही. मी धावले. दोघे त्या पॅसेजच्या तोंडाशी उभे. शक्य तितक्या शांतपणे मी विचारलं, “बाबा, कंपनीत निघालात?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ठार वेडी आहे. “कंपनीत कशाला? घरी. शिफ्ट सुटली की.”

साडेतीनला सेकंड लागते आणि त्याच वेळी फर्स्ट सुटते. आम्हाला फक्त लागणारी शिफ्ट दिसली होती. इतके महिने हा माणूस घरी जायचं म्हणत होता, आणि आम्ही त्याला गुरुवार आहे म्हणून सांगत होतो.

तेवढ्यात त्यांचा हात सैल पडला. त्यांनी वळून टेबलाकडे पाहिलं. “पण रिलिव्हर कुठं आलाय अजून? मशीन चालू आहे. सोडून कसा जाऊ?” एनसी खाली सोडून ते परत टेबलाजवळ जाऊन उभे राहिले. पुढच्या शिफ्टचा माणूस मशीनवर आल्याशिवाय आधीच्याने हलायचं नाही, हा शॉप फ्लोअरवरचा रिवाज. बाकी सगळं गेलं होतं, हे राहिलं होतं.

मावशींना मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. “मग चांगलं झालं की, ताई. निघाले की म्हणायचं, रिलिव्हर आला न्हाई. जातच न्हाईत कुठं.” आणि तसंच झालं. शुक्रवारी, शनिवारी, त्या एका वाक्यावर बाबा थांबले. ना कुलूप, ना आरडाओरडा. शनिवारी मी लवकर परतले तर ते टेबलाला हात टेकून उभेच होते, कधीपासून कोण जाणे. घोटे सुजले होते. “डबल शिफ्ट पडली आज,” मला म्हणाले, तक्रार न करता. “उद्या पण पडेल बहुतेक.” मला भडभडून आलं. या माणसाची कुठल्याही दारातून पळून जायची भीती आता राहिली नव्हती, आणि तो त्याच्याच घरात, बायकोच्या फोटोखाली, घरी जायची वाट बघत उभा होता.

रविवारी मी रजा टाकली. आमच्याकडे रविवार कामाचा. मावशींना मी सगळं समजावलं. दुपारी बाबा चुळबुळायला लागले तेव्हा मावशी पदर खोचून टेबलाशी गेल्या. “बाबा, आले मी. रिलिव्हर.”

बाबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, बिनसलं. पण उशीर झालेल्या माणसाला चार शब्द सुनावून ते कामाचं बोलू लागले. “टूल आत्ताच बदललंय. साइज वरचेवर बघा. कुलंटचं पाणी कमी पडतंय, मिस्त्रीला सांगा. आणि मधेच सोडून जाऊ नका.”

“न्हाई जात. बघते मी,” मावशी म्हणाल्या आणि टेबलावर हात ठेवून खरोखरच उभ्या राहिल्या.

बाबा मोकळे झाले. त्यांचे खांदे खाली आले. एनसी सारून ते पॅसेजमध्ये शिरले, मी पुढे होऊन दार उघडलं. जिन्यात त्यांनी मला विचारलं, “तुम्ही पण फर्स्टलाच का?” मी हो म्हटलं. “प्राधिकरणातच राहता?” हो म्हटलं. मग आम्ही एकाच बाजूला राहणाऱ्या दोन कामगारांसारखे निघालो. सोसायटीच्या बागेला वळसा घालून, इस्त्रीवाल्याच्या टपरीवरून, चाफ्याखालून. ते सुपरवायझरला शिव्या देत होते, मी माझ्या मॅनेजरला. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी इतक्या मोकळेपणाने गप्पा मारल्याचं मला आठवत नाही. वेगळ्या कारणाने मारता आल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुन्हा आमच्या बिल्डिंगपाशी आलो तसे त्यांचे पाय भरभर पडायला लागले. जिना, दार, पॅसेज. त्यांनी एनसी उचलली आणि आत पाहिलं. टेबलाजवळ आता कोणी नव्हतं; मावशी न सांगता बाल्कनीत गेल्या होत्या. खिडकीतून ऊन येत होतं, भिंती लाल होत्या, खुर्चीवर त्यांचा स्वेटर होता. बाबांनी मोठा श्वास सोडला.

“आलो गं,” त्यांनी आत हाक दिली.

मग मी मागेच उभी आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी एनसी तशीच वर धरून ठेवली. “या ना, असं दारातून जाऊ नका. चहा घेऊन जा,” ते मला म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला ओरडून सांगितलं, “दोन कप टाक गं, पाहुणे आहेत.”

मी त्यांच्या हाताखालून वाकून आत शिरले, तशीच स्वयंपाकघरात गेले आणि “टाकते” म्हणाले.