हिरव्या बांगड्यांतली सर्व्हिस

माझी नात टीव्हीवर टेनिस बघताना मला मुद्दाम शेजारी बसवते. मी खेळणाऱ्यांना शिव्या देते आणि तिला सामन्यापेक्षा त्यातच जास्त मजा येते. परवा एक उंच पोरगी सर्व्हिस करायला उभी राहिली. तिनं हात मागं नेला नि मी म्हटलं, "कोपर खाली राहिलं. गेला नेटात." चेंडू नेटात गेला. नात माझ्याकडे बघतच राहिली. जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझी ख्याती पत्त्यांत लबाडी करणारी म्हातारी एवढीच आहे.

"आजी, तुला काय कळतं गं यातलं?"

मी तिला काहीतरी थाप मारली. खरं इथं लिहिते. खरं तोंडानं सांगायला गेलं की माझा आवाज मधेच फाटतो, आणि नातीसमोर मुसमुसणारी आजी मला अजिबात आवडत नाही.

सतरा वर्षांची मी म्हणजे एक नमुनाच होते. अंगात हाडंच जास्त, दोन वेण्या, आणि अख्ख्या सोलापुरात आपल्यासारखी दुसरी नाही ही ठाम समजूत. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, वकील होते. मला भाऊ नव्हता, म्हणून घरातली रॅकेट माझ्या हाती आली. भाऊ असता तर मी कुंपणाबाहेर गेलेले चेंडू शोधत जन्म काढला असता.

वकिलांच्या क्लबामागं एक कोर्ट होतं. शेणानं सारवलेलं, वर चुन्याच्या रेघा. गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की अप्पा मला तिकडं घेऊन जायचे, कारण त्या वेळी तिथं बघायला कुणी नसे. मी पदर कमरेला करकचून खोचायची आणि आपण फार शूर दिसतो असं मला वाटायचं. रोलर ओढणारी मोलकरीण दिसत असणार मी.

"कुऱ्हाड धरल्यासारखी धर," अप्पा सांगायचे. "डाव्या हातानं चेंडू वर सोड. फेकायचा नाही, सोडायचा. उजवं कोपर खांद्याच्या वर. रॅकेट पाठीमागं पडू दे, पाठ खाजवल्यासारखी. मग आधी कोपर वर जाईल, मग हात फिरेल आणि मनगट सगळ्यात शेवटी. मनगट कसं पाहिजे? मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखं. लुळं."

आमच्या घरात कधी कोंबडी शिजली नव्हती. ही उपमा वकीलसाहेबांनी कुठल्या घरी पैदा केली, असं माझ्या आईनं त्यांना पुढं बरेच दिवस विचारलं.

"आणि खांद्यानं मारायचं नाही," हे शेवटी ठरलेलं. "खांद्यानं मारणारा पहिल्या सेटला पैलवान असतो आणि दुसऱ्या सेटला पांगळा."

मी अर्थातच खांद्यानं मारायची. दात ओठ खाऊन, 'हां' असा आवाज काढून. जोर म्हणजे जोर लावणं, एवढंच त्या मेंदूत मावत होतं. चेंडू कधी नेटात, कधी कुंपणाबाहेर, एकदा तर क्लबाच्या माळ्याच्या पाठीत. घरी परसात मी लाटणं घेऊन सराव करायची. माझी आई, आमची अव्वा, अक्कलकोटकडची. ती धुणं आपटता आपटता बघायची आणि म्हणायची, "आमीबी हेच करायलोय की गं रोज. आमाला कोण कप देतंय?"

मग एका सकाळी मी अप्पांवर रुसले. कशावरून ते आठवत नाही, रुसायला मला कारण लागत नसे. आज अजिबात जोर लावायचा नाही, यांना दाखवूनच देते, असं ठरवून मी हात ढिला सोडून दिला. कोपर आपसूक वर गेलं. पाठीमागून रॅकेट आली ती माझ्या हातात आहे असं वाटलंच नाही. शेवटी मनगटानं एक गिरकी घेतली आणि रॅकेटच्या तातींचा जो आवाज झाला तो मी त्याआधी ऐकला नव्हता. चेंडू पलीकडच्या रेघेवर आपटला. चुना उडाला.

अप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग स्वतः धावत जाऊन चेंडू आणला. माझ्यासाठी धावलेले वडील मी तेवढेच पाहिले.

पुढचे काही महिने माझ्याशी बोलायची सोय राहिली नाही. तांब्या हातात घेऊन आरशासमोर वाकून कप स्वीकारायचा सरावही मी करून ठेवला होता. कारण साहेबलोकांच्या क्लबात दरसालच्या सामन्यांत त्या साली पहिल्यांदाच बायकांचा सामना ठेवायचं ठरलं होतं, आणि अप्पांनी माझं नाव दिलं होतं.

त्याच सुमारास माझं लग्नही ठरलं. नातेपुत्याच्या बाजारपेठेत मुलाकडच्यांचं दुकान. माणसं चांगली, पण घरातली बाई दुकानाच्या पुढच्या दारानंसुद्धा बाहेर पडायची नाही. तिथं कोर्ट कुठलं? सामना लग्नाच्या आधी येत होता, तेवढंच नशीब. तो एक सामना माझा. एकदा, चार लोकांच्या देखत, तो आवाज निघायला पाहिजे होता. मग खुशाल जाऊन भाकऱ्या थापल्या असत्या. हे मी त्या वेळी रोज देवाला सांगत होते, आणि कप मात्र सोडत नव्हते.

साखरपुड्याला होणाऱ्या सासूबाई कासाराला बरोबर घेऊनच आल्या. त्यानं माझा पंजा दाबून दाबून दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या चढवल्या, इतक्या घट्ट की उतरवायच्या तर फोडाव्याच लागाव्यात. आमच्याकडे या बांगड्या लग्नापर्यंत उतरवायच्या नसतात आणि त्यातली एकही वाढू द्यायची नसते. सवाष्णीच्या बांगडीला फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, आणि ती वाढली तर नवऱ्याच्या जिवावर येतं असं मानतात. सासूबाईंनी निघताना माझे दोन्ही हात हातात घेतले.

"हात जपा हां, बाळा. माज्या लेकाचा जीव हाय त्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली सर्व्हिस मारली. मनगट फिरलं आणि दोन बांगड्या खळकन गेल्या. एक काच आत रुतली. अप्पांनी रुमालानं दाबून धरलं. घरी येऊन मी हात पदराआड लपवला.

तो लपून राहिलाही असता. पण त्याच आठवड्यात नातेपुत्याहून एक पाहुणे आले नि चहा पिता पिता म्हणाले, नवरा मुलगा तापानं निजून आहे. अव्वानं माझ्याकडे बघितलं. पदर बाजूला केला. खाली बसली.

"यव्वा! काय करून बसलीस गं?"

आता हसू येतं. शाळेत मी शकुन-अपशकुन हे सगळं थोतांड आहे यावर भाषण ठोकलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. तीच मी देवघरासमोर बसून नाक घासत होते. ज्या मुलाचं तोंडही नीट बघितलं नव्हतं, त्याचा जीव माझ्या मनगटाला लटकला होता नि मी ते खरं मानत होते. तापाचं कारण मला लग्नानंतर कळलं. कुणाच्या तरी पंगतीत या गृहस्थांनी पैजेवर बुंदी खाल्ली होती.

अव्वानं जुनं मऊ लुगडं फाडलं. बांगड्यांत कापूस घातला, आणि मनगटापासून अर्ध्या हातापर्यंत पट्टी गुंडाळली. "आता खेळ कितीबी," ती म्हणाली. तिनं ते मायेनंच केलं. माझी सामन्याची हौस तिला कळत नव्हती, तरी तिनं खेळू नको म्हटलं नाही.

पण पट्टीनं माझा हात म्हणजे पाट्यावरचा वरवंटा झाला. कोपर वर जायचं, रॅकेट पाठीमागं पडायची, आणि जिथं मनगटानं वळायचं तिथं सगळं लाकूड. चेंडू नुसता ढकलला जायचा. कितीदा केलं तरी ढकललाच जायचा.

"मनगट कुठं गेलं तुझं?" अप्पा ओरडले.

मी हात पुढं केला. त्यांनी पट्टी सोडली. कापूस काढला. त्या बांगड्यांवरून एक बोट फिरवलं. ही काच काय आहे, तिच्यामागचं भय काय आहे आणि ते किती खोटं आहे, हे त्या कोर्टावर त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मुलींनी शिकावं, मोकळं व्हावं म्हणून सभांमधून बोलणारे माझे अप्पा. मी मनात म्हणत होते, म्हणा आता. काढ म्हणा. एक शब्द बोला. ते बोलले असते तर मी तिथल्या तिथं रोलरवर हात आपटून सगळ्या बांगड्या फोडल्या असत्या. भीती माझी होती, पण ती त्यांच्या एका शब्दानं जाणार होती. मी स्वतः का नाही फोडल्या, हे विचारू नका. मी फक्त बोलायला वाघीण होते.

अप्पांनी कापूस परत घातला. पट्टी परत गुंडाळली, अव्वानं बांधली होती त्याहून घट्ट, आणि गाठ मारली.

"खांद्यातून मार," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"अप्पा, पण तुम्हीच..."

"ठाऊक आहे. एकच सामना आहे. निभेल."

मी "बरं" म्हटलं. त्या वयात मला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि नेमकं त्या सकाळी तोंडातून "बरं" निघालं.

सामन्याला मांडव घातला होता. एका बाजूला साहेबलोक, एका बाजूला आपले वकील-डॉक्टर, आणि मागं बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बायका. समोर रेल्वेतल्या एका साहेबाची मडम होती, वयानं अव्वाएवढी, पायात पांढरे बूट. मी अनवाणी. पहिला सेट मी खांद्यानं मारला आणि बराच वेळ निभलंसुद्धा. चेंडू जोरात जात होता. तो आवाज नव्हता, पण ते मला एकटीलाच कळत होतं. आणि अप्पांना. लोक टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, तांब्या वाया जात नाही.

दुसऱ्या सेटला हात वर नेला आणि खांद्यात काहीतरी टर्रकन गेलं, कापड फाटल्यासारखं. चेंडू माझ्याच पायाशी पडला. पुढचा नेटात. त्यापुढचाही नेटात. मग हात कानापर्यंतही जाईना, तशी मी कमरेखालून सर्व्हिस करायला लागले, पोरं अंगणात टोलवतात तशी. मडमेच्या लक्षात आलं. ती मला हळू चेंडू द्यायला लागली. ते फार वाईट. हरवलं असतं धडाधड तर मी आजपर्यंत तिला शिव्या देऊन हलकी झाले असते.

हरल्यावर मी पडद्यामागं गेले. अव्वा उठून पुढं आली. तिनं सामना बघितलाच नव्हता, नजर माझ्या मनगटावरच लावून बसली होती. सगळ्या बायकांच्या देखत तिनं पट्टी सोडली, एकेक बांगडी बोटानं सरकवून बघितली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एकबी वाढली न्हाय!" ती शेजारणीला म्हणाली. "एकबी न्हाय बघ!"

तिला इतकं आनंदात मी क्वचितच पाहिलं होतं. पलीकडे अप्पा रॅकेट वाकू नये म्हणून लाकडी चौकटीत घालून तिचे स्क्रू आवळत होते. आवळून झालेले स्क्रू परत सैल करून परत आवळत होते.

हाडवैद्य आला, लेप झाले, शेकणं झालं. पुढं नातेपुत्यात माझी वेणी कायम जावेनं घातली. फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा मी कधीही स्वतः काढला नाही. माणूस चांगला निघाला, मुलं झाली, नातवंडं झाली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार कुणाबद्दल करायची, हेच मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. अव्वाबद्दल करावी तर तिनं जावयाचा जीव वाचवला होता, तिच्या मते.

हळदीच्या सकाळी भोंग्याच्या वेळेला अप्पांनी मला उठवलं. "चल," एवढंच. घरात पाहुणे झोपलेले, दारात केळीचे खुंट. आम्ही कोर्टावर गेलो. ते नुकतंच सारवलं होतं, ओलं होतं, रेघा आखायच्या होत्या अजून. अप्पांनी रॅकेट माझ्या हातात दिली. मग बांगड्यांकडे बघून म्हणाले, "जाऊ देत गेल्या तर. काय होत नाही त्यानं. मार एकदा."

तेच शब्द. मला हवे होते तेच.

मी चेंडू वर सोडला. चांगला सोडला होता, सरळ, थोडा पुढं. मनगट मोकळं होतं, अगदी लुळं. कोपर खांद्यापर्यंत आलं आणि थांबलं. मी वर बघत उभी. चेंडू वर गेला, थांबला, खाली आला, ओल्या सारवणावर एकदा पडला आणि तिथंच राहिला.

अप्पांनी तो उचलला, त्याला लागलेलं शेण धोतराच्या सोग्याला पुसलं.

"दुखतंय का?"

"नाही," मी म्हटलं.

आणि खरोखरच दुखत नव्हतं. गेले काही दिवस दुखत होतं तोवर मला वाटायचं, आहे, आत कुठंतरी ती सर्व्हिस आहे अजून.