गोकुळचे ओठ

दुकानात कुठलाही मिक्सर दुरुस्तीला आला की मोहियोद्दीन आधी तो चालू करतो आणि डोळे मिटतो. घुर्रर्र. "बेअरिंग गया," म्हणतो. गिऱ्हाईक वळलं की त्याच घुरघुरीचा सूर धरून गळ्यातल्या गळ्यात गुणगुणतो, आणि दुसरं कोणी आलं की गप्प. रोशन गेटच्या त्या बोळात ही गुणगुण कुणाला ठाऊक नाही. बायकोला, जहांआराला, ठाऊक होती. ती कोरोनात गेली. मुलीला ठाऊक नाही.

त्या दिवशी मुलगी तहरीम डबा घेऊन आली ती कानात इअरफोन घालूनच. "अब्बा, ये सुनो," म्हणत तिनं एक बोंड त्याच्या कानात कोंबलं.

दुग्गु-दुग्गु-दुग्गु-दुग्गु. वरून टुईंऽऽ. आणि मग एक कोवळा, उंच, काचेसारखा गळा: "नोत्ते बेलारा, सोलेमी साऽऽरा..."

मोहियोद्दीननं बोंड काढलं, पुसून तिच्या हातात दिलं आणि डबा उघडला. "कुठून आलं हे?"

"सगळे हेच ऐकायलेत. पुण्याची एक राजनंदिनी आहे, जुन्या सिंथेसायझरवर डिस्को करते. तिला ही कॅसेट सिल्लोडच्या भंगारात सापडली, तिनं नेटवर टाकली. कव्हर बघा ना, गोकुळचाचा! क्या गाते थे यार. आणि तुमचंही नाव आहे मागं, बारीक अक्षरात. तुम्ही काय करत होता?"

"मैं पीछे बजाता था," तो म्हणाला आणि पोळीचा तुकडा मोडला.

खरं होतं ते, पण अर्धं.

शहराला औरंगाबाद म्हणायचे तेव्हाची गोष्ट. कुवेतच्या मामूनं एक सिंथेसायझर आणला आणि त्यासोबत इटलीच्या डिस्कोच्या कॅसेटी. शब्द एक कळायचा नाही. मोहियोद्दीन ते नुसते कानानं उचलायचा. 'र' जिभेवर घोळवायचा, शेवटचा स्वर गुळाच्या पाकासारखा ओढायचा, आणि मग त्याच वळणाची स्वतःची भाषा रचायचा. ती इटलीत कुणाला कळली नसती. सिल्लोडच्या वरातीत मात्र लोक माना डोलवायचे. "काय इंग्लिश फाडतंय रे बेणं."

फाडत होता हा, पण दिसत होता गोकुळ.

ते ऑर्केस्ट्राच्या मालकाचं, पुंडलिकशेठचं डोकं. शेठच्या तोंडात कायम पानाचा तोबरा, त्यामुळं शब्द गालातून वळसा घालून बाहेर यायचा. मोहियोद्दीनच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. शेठ म्हणाले, "मोयुद्दीन, गळा तुजा शोन्याचा. पन लोकं लग्नाला येत्यात, दवाखान्यात नाय."

म्हणून पाचोडचा गोकुळ पुढं. कुरळे केस, पांढरी बेलबॉटम, कंबर रबराची. सूर म्हणाल तर शून्य. त्याच्या माईकची वायर पट्ट्यात खोचलेली, तिथंच संपलेली. खरा माईक मागं, सिंथेसायझरच्या स्टँडआड. पण गोकुळच्या ओठांनी कधी दगा दिला नाही. मोहियोद्दीन श्वास घेई तिथं गोकुळची छाती फुगायची. मोहियोद्दीन आवंढा गिळी तिथं गोकुळच्या गळ्याची घाटी हलायची. कॅसेट निघाली तेव्हा कव्हरवर कोण येणार, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

डीजे आले, ऑर्केस्ट्रा बसला. गोकुळ पाचोडला मंडप-डेकोरेशन करू लागला, मोहियोद्दीन मिक्सर.

तहरीमनं गाणं ऐकवलं त्याच आठवड्यात गोकुळ दुकानात हजर. केस अजून काळेकुट्ट, फक्त कानामागं रंग ओघळलेला.

"मोह्या, मेलो. त्या पुण्याच्या पोरीनं सिडकोतल्या हॉलात कार्यक्रम ठेवलाय. मला गायला बोलावलंय, तुला मागं वाजवायला. अरं, मी आंघोळीला गायलो तर गोठ्यातली म्हैस दावं तोडती."

"मग सांग तिला खरं."

"सांगतो की. लावू फोन?" त्यानं खरंच फोन काढला.

मोहियोद्दीननं त्याचं मनगट धरलं. "फोनवर नको. फोनवर सांगितलेलं कोण खरं मानतं? तहरीम समोर बसणार आहे. पहिलं कडवं जुन्या रीतीनं होऊ दे. दुसऱ्याला मी माईक घेऊन उभा राहतो. कानानं ऐकू दे तिला."

"मी बाजूला व्हतो. पहिली टाळी माझी." गोकुळनं फोन खिशात ठेवला. "पण दोन सूर खाली घे. तुझ्या त्या सिंथेसायझरला बटण असतंय ना, पट्टी उतरवायचं?"

"नाय. मूळ पट्टीतच. उतरवलं तर पोरीला वाटंल, हा दुसराच कुणी."

"साठीचा झाला तू."

"मी झालो. गळा नाय."

तालीम दुकानातच झाली. बोळाला ऐकू जाऊ नये म्हणून हळू, मिक्सरच्या आडून. हळू गायला की गळा वर जायचा, अगदी अल्लद. मोकळा सोडून मात्र तो एकदाही गायला नाही. इतकी वर्षं लपून गायलेल्या माणसाला ते सुचलंच नाही.

हॉल भरला होता. स्टँडच्या पुढं गोकुळच्या जुन्या फोटोचा फ्लेक्स. त्यामागं ठेंगण्या स्टुलावर मोहियोद्दीन. राजनंदिनी माईकवर हसत हसत सांगत होती, "इटलीत तेव्हा गंमत असायची. कव्हरवर देखणा माणूस, आणि आवाज भलत्याचाच. कितीतरी गाणारे लोकांना कधी दिसलेच नाहीत. पण आपले गोकुळजी? जसा चेहरा तसा आवाज."

टाळ्या. गोकुळनं वळून फ्लेक्सकडं पाहिलं. मोहियोद्दीन घोटभर पाणी प्यायला.

दुग्गु-दुग्गु-दुग्गु. "नोत्ते बेलारा" नीट गेलं. "सोलेमी सा..." आणि पत्रा फाटावा तसा गळा फाटला.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागून एक पोरगं तस्संच फाटकं ओरडलं, "साऽऽख्र्र!" आणि हॉल हसला. "आजोबा, खडीसाखर चघळा."

मोहियोद्दीनचं बोट पट्टीच्या बटणावर गेलं. पण राजनंदिनीचं मशीन जुन्याच पट्टीत चाललं होतं. ह्यानं उतरवलं असतं तर दोन गाणी एकमेकांच्या उरावर बसली असती. बोट परत आलं. गोकुळचे ओठ मात्र थांबले नव्हते. फाटला तिथं त्यानं तोंड वाकडं केलं, गळा धरला, खोकल्याचा आव आणला. ते फाटकेपणही त्यानं आपल्या तोंडावर घेतलं.

दुसरं कडवं आलं. उठायचं ते इथं. मोहियोद्दीननं गुडघे गोळा केले. फ्लेक्सच्या फटीतून तहरीम दिसली. ती हसत नव्हती. गोकुळकडं बघत होती, रस्त्यात पडलेल्या म्हाताऱ्याकडं बघावं तशी.

तो बसून राहिला. उरलं होतं तेवढं गायला.

हॉलच्या मागं गोकुळ रुमालानं मान पुसत होता. रुमाल काळा झाला होता. "उठला का नाय?"

"काय घेऊन उठू? मलाच हसले ते."

"मला हसले. तोंड माझं व्हतं, तोंडावरच बसलं. तू मधी पडू नको." मग हळूच, "ओठ कुठं चुकले का रे?"

"एकदा पण नाय."

रिक्षात, सिडको मागं पडल्यावर तहरीम म्हणाली, "बुरा लगा, अब्बा. गोकुळचाचाचा आवाज पार गेला ना?"

"हां. गेला."

"तुम्ही पण त्यांच्याच वयाचे, पण तुमचे हात बघा. एक सूर नाही चुकला." तिनं फोनवर कॅसेटमधलं ते गाणं लावलं, एक बोंड आपल्या कानात घातलं, दुसरं त्याच्या. "हे ऐकलं की वाटतं, कुणी दुसराच माणूस होता."

मोहियोद्दीननं मान हलवली. रोशन गेट येईपर्यंत त्यानं बोंड काढलं नाही. तो माणूस आत गातच होता.