भिंतीचं होऊ दे

शांतवनकाका चर्चमधे बायबलातलं एक वाक्य वाचायचे आणि थांबायचे. मान जरा डावीकडे, उंच सिमेंटच्या भिंतीकडे वळलेली. शेजारीण बोलत असली की आपण कान देतो ना, तसे. भिंत त्यांचं वाक्य पुन्हा म्हणायची, अर्धंमुर्धं, शेवटचे शब्द ओढत. तिचं म्हणून झालं की काका पुढचं वाक्य घ्यायचे. नवीन माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला ओळ सापडत नाहीये. मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, संपल्यावर कुणी विचारलंच तर म्हणायचे, "भिंतीचं होऊ दे की आधी. एका वेळी दोघांनी बोलू नये, भांडण वाटतं."

आमचं चर्च बिबवेवाडीत, चढावर, दोन सोसायट्यांच्या मधे. बाहेरून बघाल तर मंगल कार्यालय वाटेल. वर पाण्याची टाकी आहे, तिच्या बाजूला क्रूस आहे, पण टाकी मोठी असल्यामुळे तीच आधी दिसते. लग्नसराईत लोक अजूनही फाटकाशी येऊन विचारतात, "हॉल कसा देता?" काका तिथे असले तर सांगायचे, "फुकट देतो. पण लग्न आयुष्यभर टिकवावं लागतं. चालेल?" माणूस निघून जायचा.

आत शहाबादी फरशी, कडप्प्याची वेदी, बाप्तिस्म्यासाठी तांब्याचं एक घंगाळ. रंगीत काचा परवडल्या नाहीत म्हणून साध्या काचांना रंगीत कागद लावलेला. तो उन्हाने सुटत गेला, आणि मरियामाईच्या पुतळ्यावर निळ्या उजेडाचा एकच तुकडा उरला, तोही खांद्यावर. गुडघे टेकायच्या फळ्यांवरचं रेक्झिन फाटून स्पंज बाहेर आलेला. आम्ही बायका आपापली जागा ओळखायचो ती त्या फाटक्या भोकांवरून. आणि छप्पर मात्र हे उंच. ज्याने आराखडा काढला त्याला उंची हवी होती, ती मिळाली, तिच्याबरोबर घुमाराही आला. फादरचं प्रवचन वर जायचं आणि वरच राहायचं.

काका जन्मभर मार्केट यार्डात एका आडत्याकडे कांद्याचा लिलाव पुकारायचे. आवाज असा की शेजारच्या गाळ्यावरचा माणूस चुकून बोली लावेल. चर्चमधे पहिल्यांदा वाचायला उभे राहिले तेव्हा त्याच आवाजात, त्याच वेगात सुटले. भिंती चहूकडून ओरडायला लागल्या, कुणाला एक शब्द कळला नाही. हे ते स्वतःच रंगवून सांगायचे, "वाचत होतो प्रेषिताचं पत्र, लोकांना वाटलं कांदा चढला." मग कित्येक दिवस यार्डातून सुटले की रिकाम्या चर्चमधे जाऊन उभे राहायचे. एक वाक्य म्हणायचं, थांबायचं, ऐकायचं. असं ते भिंतीकडूनच वाचायला शिकले.

मला वाचायला त्यांनीच उभं केलं. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. मी म्हटलं, "काका, मला कसं जमणार?" तर म्हणाले, "मार्थाबाई, वाचता सगळ्यांना येतं. थांबता येतं का बोला. तेवढं शिकलात की झालं."

त्याच सुमाराला आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उठवणं, बसवणं, भरवणं, पुसणं, कूस बदलणं, परत तेच. मी तक्रार करत नाही, लग्नाच्या बायकोने करायचं ते केलं. पण थकवा असा यायचा की झोपूनही जायचा नाही. शेजारीण रविवारी ह्यांच्यापाशी बसायची, म्हणून मी मिस्साला यायची. यायची आणि बाकावर नुसती पडल्यासारखी बसायची. प्रार्थना वगैरे काही सुचायचं नाही, खरं सांगते.

एकदा पायऱ्यांवर काका म्हणाले, "यार्डातले हमाल बघितलेत का कधी? दम लागला तरी पोतं खाली ठेवत नाहीत. ठेवलं तर परत पाठीवर द्यायला दुसरा माणूस लागतो. मग काय करतात, भिंत बघतात आणि पोत्यासकट तिला टेकतात. ओझं पाठीवरच असतं, पण तेवढा दम मिळतो." आणि जाता जाता म्हणाले, "मी वाचताना थांबतो ना, तेव्हा टेकून घेत जा."

तेव्हापासून मी टेकायला लागले. काका वाक्य म्हणायचे, भिंत ते घोळवत बसायची, आणि तेवढ्यात कुणी मला काही मागत नसे. ना ह्यांचं कण्हणं, ना कुकरची शिट्टी. आठवड्यातली माझी विश्रांती म्हणाल तर ती. पुढचं वाक्य आलं की पोतं सावरून निघायचं.

मग नवे फादर आले आणि त्यांनी छताखाली दुसरं छत बसवायचं काढलं, घुमारा बंद व्हावा म्हणून. भिंतींनाही मऊ तक्ते लागणार होते. मिस्सानंतर सभा झाली. सगळ्यांना ठाऊक होतं, घुमारा गेला की काकांच्या वाचनाचं काय होणार. छताच्या बाजूने सगळ्यांत आधी हात वर केला तो काकांनी.

बाहेर आल्यावर मी जरा रागावूनच विचारलं, "तुम्ही कशाला हात वर केलात?"

"मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांना प्रवचन ऐकू येत नाही, मार्थाबाई."

"तुमचं तर येतं ना?"

"माझं येऊन काय उपयोग? फादरचं यायला हवं. आलं की पस्तावतील, पण तो त्यांचा हक्क आहे."

छत झालं. पांढरं, चौकोनी तुकड्यांचं, बँकेत असतं तसं. फादरचं अक्षर न् अक्षर ऐकू यायला लागलं. आणि काका वाचायला उभे राहिले. एक वाक्य म्हटलं, थांबले, मान डावीकडे. भिंत गप्प. नुसता पंख्याचा आवाज. लोक चुळबुळ करायला लागले. गाणाऱ्या पोरांची पुढारी नेहा, तशी गुणी मुलगी, बाहेर आल्यावर हसत म्हणाली, "काका, आज बफरिंग होत होतं का?" काकांनी मला अर्थ विचारला. मी मोबाईलमधलं ते गोल गोल फिरणारं सांगितलं. ते खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "बरोबर बोलली पोरगी."

पुढच्या रविवारी त्यांनी न थांबता वाचायचा प्रयत्न केला. थांबणं काढल्याबरोबर आत दबलेला लिलाव बाहेर आला. कसंबसं संपवून खाली उतरले आणि सरळ मागच्या बाकावर जाऊन बसले. वाचायला परत उभे राहिले नाहीत. "भिंत बोलत नाही," मला म्हणाले, "आता थांबू कुणासाठी?"

मी म्हटलं, "आणि मी कुठे टेकू?"

पुढच्या रविवारी त्यांनी काय केलं बघा. आमच्याकडे मिस्सात एकेक विनंती म्हणतात आणि तिच्यामागे सगळ्यांनी मिळून ठरलेलं उत्तर द्यायचं असतं. नेहाने पहिली विनंती म्हटली. काकांनी उत्तर सुरूच केलं नाही. त्यांचा आवाज एवढा मोठा, की वर्षानुवर्षं सगळे त्यांच्या मागोमागच उत्तर द्यायचे. त्यामुळे सगळं चर्च खोळंबलं. पुरेसं थांबून झाल्यावर त्यांनी सुरुवात केली, मागून सगळे. दुसऱ्या विनंतीला तेच. नेहाने वळून डोळे मोठे केले. काका छताकडे बघत होते. मी डोळे मिटून घेतले.

असं ते शेवटपर्यंत करत राहिले. कुणाला कळलं नाही, का. म्हातारपण म्हणून सोडून दिलं.

मधे आमचे हे गेले. ओझं उतरलं म्हणतात लोक. पाठीला ते कळायला वेळ लागतो. मग उन्हाळ्यात काकाही गेले, आजारी न पडता, दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत. फादरनी मला निरोप धाडला, अंत्यविधीचं वाचन तुम्ही करा.

वेदीपुढे काकांची शवपेटी ठेवलेली. पुढच्या बाकांवर यार्डातले म्हातारे हमाल, टोप्या काढून हातात धरलेल्या. मी पहिलं वाक्य वाचलं आणि थांबले. भिंतीकडून काही आलं नाही. पंखे फिरत होते. कुणाचीतरी बांगडी वाजली. मी मुद्दाम पुढचं वाक्य घेतलं नाही. पुढच्या बाकावर एक हमाल हळूच मागे सरकला आणि त्याने पाठ टेकली. मग मी पुढचं वाक्य घेतलं. शेवटपर्यंत तशीच वाचत गेले.

माती देऊन परत येताना नेहाने माझा हात धरला होता. हळूच म्हणाली, "आजी, मधे मधे रडू येत होतं ना तुम्हाला?"

"नाही गं," मी म्हटलं, "जरा टेकले होते."