आराम पडलेला हात

हाडांच्या दवाखान्यात मी फिजिशियन असिस्टंट आहे. डॉक्टर नाही, नर्सही नाही. डॉक्टर सर यायच्या आधी पेशंट तपासायचा, प्लास्टर घालायचं, ऑपरेशनला त्यांच्यासमोर मदतीला उभं राहायचं, हे माझं काम. लातूरहून नांदेडला आले तेव्हापासून हे समजावून सांगून थकले. लोक शिष्टर म्हणतात. म्हणोत बापडे.

पण एका शब्दाने माझं डोकं अजूनही फिरतं. आराम. दुखायचं थांबलं की इकडे म्हणतात आराम पडला, आणि आराम पडला म्हणजे इलाज लागू पडला. पुढे कुणाचं काही ऐकायचंच नाही.

अर्धापूरकडची एक बाई केळीच्या बागेत घसरून पडली होती. मनगटाच्या वर हाड मोडलं होतं. गावातल्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून हात करकचून बांधला. आधी ती ठणक्याने रात्रभर तळमळली, मग ठणका बंद झाला. नवऱ्याने तिला आमच्याकडे आणलं ते नुसता फोटो काढायला, म्हणजे एक्सरे. हाड जागेवर बसलं की नाही तेवढं त्याला बघायचं होतं. बाई चक्क हसत बसली होती.

"आता लई आराम हाय, ताई."

मी तिची बोटं धरली. थंडगार. नखं काळीनिळी. सुई टोचली तरी तिला कळेना. पट्टी कापायला गेले तर नवरा आडवा आला. सोडू नका म्हणून वैद्याने बजावलंय म्हणाला. त्याच्याशी भांडून मी ती सोडली. आत कातडीवर फोड आणि वास. सर आले, बघितलं आणि ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. घट्ट पट्टीने रक्त अडकून हात आधीच मेला होता. ठणका थांबला होता तो त्यामुळेच. नवऱ्याला मी हे पुन्हा पुन्हा सांगितलं, चित्र काढून सांगितलं. तो मान डोलवत राहिला. हात कोपराखालून काढावा लागला. खरं सांगते, त्या दिवशी मला वैद्यापेक्षा त्या मेल्या शब्दाचा राग आला.

टाके काढायला दोघं परत आले. ती माझ्याकडे बघेना. नवरा बोलता बोलता सांगून गेला, भावाच्या लेकराचा पाय मोडलाय, त्याच वैद्याने बांधलाय. मी हातातलं काम टाकलं. बोटं गार पडलीत का बघा, आत्ताच्या आत्ता इकडं आणा, म्हणून मी दोघांसमोर हात जोडले.

तेव्हा ती बोलली. आवाजात राग नव्हता.

"बांधला व्हता तवर माझा हात व्हता, ताई. तुमी सोडला अन् गेला. आता लेकराचा पाय न्हाई देणार तुमाला."