सरळ केलेला हंस

जुन्या बुद्धविहारातल्या भिंतींवरची चित्रं सगळेच बघतात. चित्रांतल्या माणसांनी नेसलेलं कापड बघायचं काम तिचं. चौकडी, ठिपके, वेलबुट्टी, काठ, जे भिंतीवर दिसेल ते तसंच्या तसं कागदावर उतरवायचं, चूक असली तरी चुकीसकट. एकतीस वर्षं मान मोडून तिने हेच केलं. ऑफिसात तिला नक्कलताई म्हणत. मान आता खरोखरच मोडायला आली होती, आणि डोळ्यांनी तर कधीच हात टेकले होते.

निवृत्तीला आठवडा उरला असताना साहेबांनी तिचाच एक जुना कागद पुढे ठेवला. एका दासीच्या वस्त्राचा काठ, सोळा हंसांची रांग. ओल येऊन भिंतीचा नेमका तेवढाच गिलावा पडला होता. फोटो काढणाऱ्यांनी राजाराण्यांचे काढले होते; दासीच्या काठाला कोण विचारतं? आता तो काठ या कागदावरून पुन्हा रंगवायचा होता.

"मुळाबरहुकूम आहे, एवढं लिहून सही करा," साहेब म्हणाले.

तिने पेन उचललं नाही. भिंतीवरच्या मूळ रांगेत एक हंस उलटा होता, बाकीच्यांकडे तोंड करून. तेव्हा नोकरीचं पहिलंच वर्ष, शहाणपण नुसतं उतू चाललेलं. रंगवणाऱ्याची चूक समजून तिने तो सरळ करून टाकला होता. कितवा होता, तेही आता आठवेना.

घरी धाकटी बहीण म्हणाली, "अगं ताई, एका हंसाचं काय घेऊन बसलीस? सही कर आणि मोकळी हो. बोललीस तर तुझ्या सगळ्याच कागदांवर संशय घेतील."

"घेतीलच," ती म्हणाली. भीती तीच होती. जन्मभराची कमाई म्हणजे ते चारशे कागद, दुसरं होतं काय?

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी कागद उजेडात धरून हंस मोजले. मग म्हणाले, "आणखी कितींमध्ये असं केलंय?"

"एवढ्या एकाच."

साहेबांनी मान डोलावली, पण कपाटातल्या गठ्ठ्यांवरून त्यांची नजर हलेना. तिला राग आला नाही. त्यांच्या जागी तिनेही विश्वास ठेवला नसता. खरं तर तिचा स्वतःवरचाही आता डळमळला होता.

उरलेले दिवस रजा टाकून नुसतं झोपायचं, असं तिने कधीचं ठरवलं होतं. त्याऐवजी तिने पहिला गठ्ठा काखोटीला मारला आणि एक नंबरचा कागद मुळाशी ताडून बघायला विहारातल्या भिंतीसमोर उभी राहिली. सहा दिवसांत चारशे कागद होणार नाहीत, हे तिला कळत होतं.