आंबट सड

संत्र्यांच्या पॅकिंग कारखान्यात ती सडकी फळं तपासते, म्हणून सगळे तिला बुरशीबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. सासू विचारते, "आज काय कापलंस गं?" आणि लगेच, "नको, सांगूच नकोस."

त्या दिवशी बाजारातून परत आलेल्या पेट्या तिच्या टेबलावर आल्या त्या गळतच. हिरवी बुरशी असती तर सालीवर पूड दिसली असती, फुंकरीनं उडणारी. इथं पूड नव्हती. बोट लावताच साल ओल्या कागदासारखी फाटली, गर शेंबडासारखा लोंबला आणि व्हिनेगरसारखा उग्र दर्प थेट मस्तकात गेला. चिलटं तिच्या ओठांवर बसू लागली. तिनं थेंबभर लगदा काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. मालगाडीच्या सुटलेल्या डब्यांसारखे चौकोनी तुकडे. आंबट सड.

ही सड नेहमीच्या औषधाला भीक घालत नाही. फळं धुण्याचं पाणी घाण असलं की एकाची सगळ्यांना लागते. आणि धुण्याची टाकी होती तिच्या धाकट्या दिराकडे.

तो दारातच घुटमळत होता. "वहिनी, हिरवी बुरशी आहे म्हणा. बागेतूनच आली म्हणता येईल. बागवाल्याचं नाव पुढे करू. नाहीतर माझी नोकरी जाते बघा."

"पाणी कधी बदललंस?"

"आरशासारखं आहे की."

"मग घाल हात. तळापर्यंत."

टाकीपाशी जाऊन हसत हसत त्यानं बाही वर सारली. हात वर आला तो साली, बिया आणि पांढऱ्या बुळबुळीत साक्यानं माखलेला. तो तसाच गटाराकडे धावला आणि भडभडून ओकला. तिच्याही तोंडात आंबट पाणी आलं. तिनं ते गिळलं.

"घरचा माणूस आहे मी, वहिनी."

"हो ना. म्हणून जास्त शिसारी येते."

तिनं व्यवस्थापकाला काय ते सरळ सांगितलं. व्यवस्थापकानं टाकी दिराकडून काढून घेतली. आधी घासून दे, मग नोकरीचं बघू, असं त्याला बजावलं.

गुडघाभर गाळात उभा राहून तो खरवडत होता. ती काठावर आली तसं त्यानं वर न बघता विचारलं, "थोड्या वेळानं वास येईनासा होतो ना?"

"नाही होत," ती म्हणाली. "तोंडानं श्वास घे."